साचलेल्या बर्फाचे वाचन : हिमालयातील हिवाळी भटकंती आणि हिमस्खलन

डोंगर-उतारावर साचलेला बर्फ स्वतःच्या वजनाने सतत खाली ओढला जात असतो. थरांची आपसांतली पकड, खालच्या जमिनीशी होणारे घर्षण आणि आजूबाजूच्या बर्फाचा आधार यांच्या जोरावर तो जागीच थांबलेला असतो. ओढ पकडीला भारी पडली की बर्फ सुटतो आणि हिमस्खलन होते. हा तोल बिघडायला नवा हिमवर्षाव, वारा, ऊन, भूकंप यांपैकी एखादे नैसर्गिक कारणही पुरते. पण हौसेने डोंगरात जाणाऱ्यांच्या अपघातांत वेगळीच गोष्ट दिसते. आल्प्स आणि उत्तर अमेरिकेतल्या नोंदींनुसार, स्की करणाऱ्यांचा आणि हिवाळी भटक्यांचा बळी घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के खुद्द बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेली असतात. म्हणजे आभाळातून अवचित कोसळणारे संकट ही हिमस्खलनाची रूढ समजूत निदान या लोकांपुरती खरी नाही. उतार आधीच कमकुवत झालेला असतो, आणि कोणीतरी त्यावर पाऊल टाकते. या अपघातांतली फार मोठी संख्या टाळता येण्याजोगी आहे ती याच कारणाने.

मराठी वाचकासाठी हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. पुणे, मुंबई, नाशिक इथले ट्रेकर डिसेंबर ते फेब्रुवारीत केदारकंठा, ब्रह्मताल, क्वारी खिंडीकडे जातात, मे महिन्यात सार पासचा बर्फ तुडवतात, आणि त्यांतले काही पुढे शिखर मोहिमांकडे वळतात. त्यांची नजर सह्याद्रीत घडलेली असते. दोन कड्यांमधून वर चढणारी नाळ ही सह्याद्रीत हक्काची वाट. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट त्याचे ठळक उदाहरण. बर्फाच्या मुलखात मात्र तीच नाळ दोन्ही बाजूंच्या उतारांवरचा बर्फ गोळा करते आणि तो सुटला की त्याचा मार्गही तीच होते. सह्याद्रीत धोका डोळ्यांना दिसतो: निसरडा कातळ, घसाऱ्याची वाट, फुगलेला ओढा. हिमालयात वरून गुळगुळीत, शुभ्र, निरुपद्रवी दिसणाऱ्या उताराच्या पोटात तो दडलेला असतो. म्हणून ही नजर नव्याने घडवावी लागते.

हिमस्खलनाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात सुटा बर्फ एका बिंदूपासून घरंगळू लागतो आणि खाली येताना रुंदावत जातो. ताज्या हिमवर्षावानंतर किंवा वसंतातल्या उन्हात अशी घसरण उभ्या कड्यांवर वारंवार होते. ती बहुधा लहान असते. पण माणसाला कड्यावरून ढकलायला तेवढी पुरते. दुसरा प्रकार पट्टीचा, म्हणजे सलग घट्ट थराचा, आणि बहुतेक बळी याच प्रकाराने जातात. वरचा थर एकसंध झालेला असतो, त्याच्याखाली मात्र एक नाजूक थर असतो. सांडलेल्या मोहरीवर पाट ठेवावा तशी ही रचना. कुठेतरी भार पडून नाजूक थर मोडला की ती मोड क्षणार्धात बाजूला पसरते, वरची पट्टी आडवी तडकते आणि उताराचा अख्खा भाग एकदम निसटतो. तडा अनेकदा माणसाच्या बराच वर जातो, म्हणजे माणूस तुटलेल्या पट्टीच्या मध्यावर उभा असतो. कोरडी पट्टी काही सेकंदांतच ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. मग पळण्याचा प्रश्नच उरत नाही.

तो नाजूक थर येतो कुठून, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. प्रत्येक हिमवर्षाव आधीच्या बर्फावर आपला थर ठेवतो, आणि दोन वर्षावांमधले ऊन, थंडी, वारा त्या थराच्या पृष्ठभागावर आपली खूण सोडतात. साचलेला बर्फ ही त्या हिवाळ्याची थरांत लिहिलेली रोजनिशीच असते. निरभ्र, शांत, थंड रात्री हवेतली वाफ बर्फाच्या पृष्ठभागावर गोठते आणि पिसांच्या आकाराचे चकचकीत स्फटिक उभे राहतात. सकाळच्या उन्हात ते देखणे दिसतात. त्यांवर नवा बर्फ पडला की ते गाडले जातात आणि आठवडेच्या आठवडे मोडण्याच्या तयारीत राहतात. उन्हाने वितळून रात्री गोठलेला कडक पापुद्राही असाच त्रासदायक ठरतो, कारण त्यावर पडलेल्या नव्या बर्फाला धरायला काही नसते.

तिसरा नाजूक थर तळाशी तयार होतो आणि तो सर्वांत चिवट. बहुतेक ठिकाणी बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या जवळपास असते, तर पृष्ठभाग उणे १५ किंवा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. हा फरक मीटरभर जाडीत १० अंशांहून अधिक झाला की बर्फातली वाफ खालून वर वेगाने सरकते, कणांमधले सांधे झिजतात आणि कण मोठे, कोनदार, सुटे होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. बर्फाचा थर जितका पातळ, तितका हा फरक तीव्र. म्हणून यंदा बर्फ कमी म्हणजे धोकाही कमी, हा सर्वत्र ऐकू येणारा हिशेब चुकीचा आणि घातक आहे. नोव्हेंबरात पडलेला वीतभर बर्फ उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर महिनाभर थंडी खात पडून राहतो, कुजतो, आणि जानेवारीतल्या मोठ्या हिमवर्षावाचा सगळा भार नंतर त्याच्यावर येतो. उलट थंडी सौम्य आणि बर्फ भरपूर असेल, तर कण गोलसर होऊन एकमेकांना चिकटतात आणि थर दिवसागणिक मजबूत होत जातो.

हिमालयात हा सारा खेळ सगळीकडे सारखा चालत नाही. सैन्याच्या गरजेतून १९६९ साली मनालीला हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली. ‘सासे’ या नावाने ती ओळखली जाई. २०२० साली तिचा समावेश डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेत झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम हिमालयाचे तीन पट्टे मानले आहेत. पीर पंजालच्या खालच्या पट्ट्यात बर्फ खूप, तापमान त्या मानाने सौम्य. इथे हिमस्खलने प्रामुख्याने वर्षाव चालू असताना आणि त्याच्या लगेच नंतर होतात, ओली हिमस्खलनेही इथलीच. महाहिमालयाच्या मधल्या पट्ट्यात बर्फ कमी, थंडी जास्त, आणि गाडलेले नाजूक थर अधिक काळ टिकतात. काराकोरमच्या वरच्या पट्ट्यात थंडी कडाक्याची, वारा प्रचंड. बर्फ मुळात पडतो त्यापेक्षा वाऱ्याने ढकलला जातो तो निर्णायक. सियाचीनवर १९८४ पासून शत्रूच्या गोळ्यांपेक्षा हवामानाने आणि बर्फाने अधिक जवान नेले आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवरचे दहा जवान गाडले गेले. त्याआधी ७ एप्रिल २०१२ रोजी सीमेपलीकडे गयारी इथला पाकिस्तानी तळ १४० माणसांसह बर्फाखाली गेला होता.

पश्चिम हिमालयाला हिवाळ्यात बर्फ देणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राच्या बाजूने येतात. एकेक विक्षोभ दोन-तीन दिवस टिकतो, मग आकाश झटकन मोकळे होते. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक बर्फ पडला, तर उतारांवरचा ताण ठळकपणे वाढतो. वाऱ्याचे काम याहून जलद चालते. धारेच्या वाऱ्याकडील बाजूचा बर्फ तो उचलतो आणि आडोशाच्या बाजूला टाकतो. ढगाचा ठिपकाही नसताना तिथे काही तासांत मीटरभर कठीण पट्टी जमू शकते. धारेवर बाहेर झुकलेला बर्फाचा छज्जा, म्हणजे कॉर्निस, वारा कोणत्या बाजूने वाहिला ते दाखवतो. शिवाय तो स्वतः मोडून खालचा उतार सोडवू शकतो. त्याच्या कडेवर उभे राहून फोटो काढणे हा धारेवर होणाऱ्या अपघातांचा एक नेहमीचा प्रकार आहे.

मार्चनंतर मुख्य प्रश्न वितळण्याचा असतो. दिवसा झिरपणारे पाणी थरांमधली पकड सोडवते, रात्रीच्या गारठ्याने ती पुन्हा येते. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे तीन-चारला निघून दहा-अकराच्या आत उभा उतार मागे टाकण्याची डोंगरी माणसांची शिस्त यातूनच आली. मात्र रात्री ढग राहिले, तर बर्फाला गोठायला उसंत मिळत नाही आणि पहाटेसुद्धा उतार ओलाच राहतो. घड्याळापेक्षा बुटाखालचा बर्फ खरे सांगतो: पाऊल वरच्या वर राहते, की घोट्याच्या वर रुतते.

मान्सून सरल्यानंतरचा ऑक्टोबर सुरक्षित मानला जातो, तोही निर्धास्त नव्हे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळलेले हुदहुद चक्रीवादळ दोन दिवसांत नेपाळपर्यंत पोहोचले, आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला परिसरात हिमवादळाने व हिमस्खलनांनी चाळीसहून अधिक ट्रेकर, वाटाडे आणि गावकरी मेले. ऐन हंगामात, रुळलेल्या वाटेवर. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. बर्फाने अनेकांना ओढून हिमभेगेत लोटले. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्या चमूत कसलेले गिर्यारोहक होते. अनुभवी माणसांसोबत असलो की पुरे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने ही घटना नीट समजून घ्यायला हवी.

हवामान बदलते, थर बदलतात. जमीन मात्र तीच राहते. म्हणून नवख्याने सुरुवात भूरूपापासून करावी. पट्टीची हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३५ ते ४० अंशांवर सर्वाधिक. २५ अंशांखाली ती क्वचित सुटतात, आणि ५५-६० अंशांच्या वर बर्फ साचण्याआधीच घरंगळून जातो. दुर्दैवाने चढायला, उतरायला, स्की करायला मजा येते तो कोन नेमका हाच. डोळ्यांनी केलेला अंदाज फसतो, त्यामुळे कोनमापक किंवा फोनमधले साधन वापरावे. काहीच नसेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी बर्फावर उभी, ओळंब्यात धरायची. दुसरीचे टोक वरच्या अंगाला बर्फाला टेकवून ती पहिलीकडे आडवी, समतल आणायची. दोन्ही काठ्या उभ्या काठीच्या मध्यावर भेटल्या तर उतार सुमारे २७ अंशांचा. भेट मध्याच्या वर झाली तर माणूस धोक्याच्या पट्ट्यात उभा आहे, आणि अगदी वरच्या टोकाशी झाली तर उतार ४५ अंशांचा आहे.

पायाखालचा उतार सौम्य असला, तरी वर काय आहे हे पाहावेच लागते. सपाट कुरणातला तंबूसुद्धा वरच्या मोठ्या उताराच्या टप्प्यात असू शकतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर छावणीतच हिमस्खलनात सापडले. ४६ वाचले, आठ दगावले. जंगल याबाबत बरेच काही सांगते. देवदारांच्या रानात वरून खालपर्यंत गेलेला उघडा पट्टा, चढाकडच्या बाजूच्या फांद्या तुटलेली झाडे, बुंध्याशी खाली वाकून मग वर वळलेले भूर्ज, नाल्याच्या तोंडाशी पसरलेला मोडक्या लाकडांचा ढीग, या सगळ्या जुन्या हिमस्खलनांच्या खुणा. स्थानिक गुराखी आणि गावकरी अशी ठिकाणे नावानिशी ओळखतात, आणि त्यांचा शब्द कोणत्याही नकाशाइतका मोलाचा. उताराच्या पायथ्याशी अरुंद घळ, ओढ्याचा खड्डा किंवा कडा असेल, तर लहानसे हिमस्खलनही जिवावर बेतते. घळीत बर्फ पसरण्याऐवजी खोलवर साचतो.

निघण्यापूर्वीची माहिती मुख्यतः डीजीआरईच्या इशाऱ्यांतून मिळते. राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे ते जिल्हावार जाहीर करतात, त्यांत धोक्याची पातळी आणि किती उंचीच्या वर धोका आहे हे दिलेले असते. युरोपने १९९३ मध्ये स्वीकारलेली पाच पातळ्यांची श्रेणी आता अनेक देशांत रूढ आहे. तिच्यातली तिसरी पातळी मधली म्हणून बरी वाटते, आणि आल्प्समध्ये सर्वाधिक बळी त्याच पातळीच्या दिवशी जातात. चौथ्या-पाचव्या पातळीला रस्ते बंद असतात, लोक घरी थांबतात. तिसऱ्या पातळीला मात्र आभाळ निवळलेले असते, नवा बर्फ खुणावत असतो आणि खालचे थर अजून सावरलेले नसतात. शिवाय जिल्ह्याचा इशारा एखाद्या विशिष्ट उताराबद्दल बोलत नाही. त्या उताराचा निवाडा जागेवरच करावा लागतो. गुलमर्गला अफरवतच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत केबल कार जाते. आखलेल्या हद्दीत गस्तीपथक उतारांवर लक्ष ठेवते. दोरी ओलांडली की पलीकडे तोच बर्फ, पण राखण नाही. त्याच परिसरात, खिलनमर्गला, ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धकला विद्यालयाचे १७ जवान हिमस्खलनात गेले.

जागेवर दिसणाऱ्या खुणांमध्ये सर्वांत स्पष्ट म्हणजे शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर झालेले ताजे हिमस्खलन. दुसरी खूण, चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित खचणे. नाजूक थर मोडल्याचा तो आवाज असतो. तिसरी, पावलापासून पुढे धावत जाणारी चीर. या तीनपैकी एकही दिसली, तर उभ्या उतारावर जाण्याचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा. त्यानंतर कोणत्याही चाचणीची गरज नाही.

खुणा नसतील तेव्हा खड्डा खणून थर पाहता येतात. त्याच दिशेच्या, तितक्याच कलाच्या पण छोट्या आणि सुरक्षित उतारावर मीटर-दीड मीटर खोल खणून भिंत सरळ कापतात. बोट भिंतीतून वरून खाली फिरवले की कडक आणि भुसभुशीत थर हाताला कळतात. मग ३० सेंटिमीटर चौरस खांब सुटा करून त्यावर फावड्याचे पाते ठेवतात आणि आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, शेवटी खांद्यातून दहा थापा मारतात. कितव्या थापेला आणि कोणत्या थरावर खांब तुटला, तसेच तुकडा स्वच्छ निसटला की नुसता चुरगळला, याची नोंद करतात. दुसऱ्या चाचणीत खांब ९० सेंटिमीटर रुंद ठेवून एकाच टोकाला थापा मारतात; मोड दुसऱ्या टोकापर्यंत गेली तर पट्टी सलग सुटण्याची शक्यता मोठी. तरीही खड्डा एका जागेचीच हकीकत सांगतो. वीस पावलांवर, खडकाजवळच्या पातळ बर्फात, परिस्थिती निराळी असू शकते. म्हणून वाईट निकाल पूर्ण मानावा आणि चांगला निकाल अर्धाच.

इतके ज्ञान असूनही जाणती माणसे चुकीच्या उतारावर का जातात, याचा शोध अमेरिकेतले अभ्यासक इयान मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदींतून घेतला. ओळखीची वाट, शिखर गाठायचेच हा निश्चय, गटातल्या ज्येष्ठावरचा आंधळा विश्वास, पुढे कोणीतरी गेल्याच्या पाऊलखुणा, संधी हुकण्याची भीती, चारचौघांत चांगले दिसण्याची ओढ, या गोष्टी धोक्याच्या खुणांवर पडदा टाकतात. भारतीय व्यावसायिक ट्रेकमध्ये त्यांत आणखी काही भर पडते. शिखराचा दिवस महिनोन्‌महिने आधी ठरलेला असतो, परतीचे विमान आरक्षित असते, कचेरीची सुट्टी मोजकी असते. वीस-पंचवीस माणसे एकामागोमाग एकाच वेळी उतार कापत जातात, त्यामुळे भार वाढतो आणि घात झालाच तर वाचवायला मागे कोणी उरत नाही. संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी, ही पद्धत वेळखाऊ आहे, आणि ती वेळ कार्यक्रमातच धरलेली असली पाहिजे. राखीव दिवस न ठेवणाऱ्या आयोजकाकडे हिवाळी ट्रेकला जाऊ नये. गटातल्या सर्वांत नवख्या माणसाच्या ‘नको’लाही परत फिरवण्याइतके वजन हवे.

गाडल्या गेलेल्या माणसाची वेळ फार लवकर संपते. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून १९९४ मध्ये मांडलेल्या हिशेबात पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघालेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जगले, तर ३५ मिनिटांनंतर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. मुख्य कारण गुदमरणे. हेलिकॉप्टर कितीही तत्पर असले तरी इतक्या वेळात पोहोचत नाही, म्हणून वाचवणारे तिथलेच सोबती असतात. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू लागतात: ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, अडीच-तीन मीटरची दुमडती प्रोब आणि धातूचे फावडे. ट्रान्सीव्हर निघतानाच चालू करून कपड्यांच्या आत, अंगाला बांधतात. हिवाळी ट्रेकना मायक्रोस्पाइक आणि गेटर आवर्जून दिले जातात, पण ही तीन साधने सहसा दिसत नाहीत. ही उणीव भरून निघणे निकडीचे आहे. थांबल्याबरोबर हिमस्खलनाचा बर्फ घट्ट आवळतो, हातांनी उकरता येत नाही. मीटरभर खोल गाडलेल्या माणसासाठी एक टनाहून अधिक बर्फ बाजूला करावा लागतो. प्रोब लागली की ती तशीच ठेवून, तिच्या खालच्या अंगाने उतारात आडवे शिरत खणतात. थेट वरून खणले तर माणसाच्या श्वासापुरती उरलेली पोकळी दडपते.

चेहरा मोकळा होताच तोंड-नाकातला बर्फ काढून श्वास पाहतात, श्वास नसेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवरचा दाब तिथेच सुरू करतात. तासाहून अधिक काळ गाडलेल्या आणि श्वासमार्ग मोकळा सापडलेल्या माणसाला कमालीची थंडी लागलेली असते. त्याला आडवेच ठेवून, झटका न देता हलवतात, ओले कपडे काढून गुंडाळतात आणि नाडी लागत नसली तरी रुग्णालयात ऊब मिळेपर्यंत प्रयत्न थांबवत नाहीत. सोनम चौकीवरचा एक जवान सहा दिवसांनी जिवंत सापडला होता. पुढे रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.